आईच्या भूमिकेतली गायिका : आशालता वाबगावकर

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या महिला शाखेतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळात दरवर्षी एक व्याख्यान होते. संतवाङ्मय झाले, हैदराबाद मुक्तिसंग्राम झाला, मधुमेहावर डॉक्टरांचे भाषणही झाले. या वर्षी महिला शाखेने विषय सुचवावा असे ठरले, तेव्हा आम्ही ‘आशालता’ हे नाव सांगितले. त्यावर कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "मालिकेत आजी व्हायच्या त्या?" हो, त्याच. आजचे भाषण या प्रश्नातूनच निघाले आहे. कारण आपल्यापैकी बहुतेकांनी आशालता वाबगावकर यांना कुणाची तरी आई, कुणाची तरी वहिनी, कुणाची तरी आजी म्हणूनच पाहिले. आणि या बाई मुळात गायिका होत्या. नुसत्या गुणगुणणाऱ्या नव्हेत. मराठी संगीत रंगभूमीचे वळण बदलणाऱ्या एका नाटकाच्या नायिका होत्या. ते नाटक गाजले तेव्हा आपल्यातल्या अनेकजणी जन्मल्याही नव्हत्या, आणि ज्या होत्या त्यांनी त्यांचा आवाज रेडिओवर ऐकला होता. पण आवाज आणि चेहरा यांची गाठ आपल्या मनात कधी पडलीच नाही.

ती गाठ पडली २२ सप्टेंबर २०२० रोजी. करोनाचे वर्ष होते. गणपती बसले त्याला बरोबर महिना झाला होता, आणि त्या वर्षी ना मंडप होता ना आरतीची गर्दी. सकाळी बातमी आली की साताऱ्यात आशालता वाबगावकर गेल्या. वय ७९. ‘आई माझी काळुबाई’ या मालिकेच्या चित्रीकरणासाठी त्या साताऱ्याला आल्या होत्या, तिथे करोनाची लागण झाली आणि उपचार चालू असताना त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कारही साताऱ्यातच झाले. त्या दिवशी दूरदर्शनसंचावर त्यांचे जुने फोटो दाखवत होते आणि मागे एक नाट्यपद लावले होते. आमच्यातली एकजण म्हणाली, "अगं, हे पद यांचं आहे?" त्या दिवशी आम्हाला थोडी लाज वाटली. ती लाज मनात ठेवूनच आम्ही हे भाषण तयार केले आहे.

आशालताबाईंचा जन्म १९४१ चा, गोव्यातला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तो मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. म्हणजे ज्या मातीत त्या जन्मल्या, ती माती त्या वीस वर्षांच्या होईपर्यंत भारतात नव्हती. आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. आपणही १५ ऑगस्ट १९४७ ला नव्हे, तर १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळे झालो.

त्यांचे शालेय शिक्षण मुंबईत गावदेवीच्या सेंट कोलंबा शाळेत झाले. घरची बोली कोकणी. मुंबई आकाशवाणीवर त्यांनी कोकणी गाणी म्हटली. पुढे काही काळ राज्य सरकारच्या सचिवालयात, म्हणजे आजच्या मंत्रालयात, अर्धवेळ नोकरी केली. नोकरी सांभाळत पदवी घेतली, आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातून मानसशास्त्राचे शिक्षण घेतले. हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. ‘गाण्याच्या नादी लागली की शिक्षण बुडते’ हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात कधी ना कधी ऐकू आलेले आहे. या बाईंनी गाणेही केले, नाटकही केले, कचेरीही केली आणि अभ्यासही केला. सोपे नक्कीच गेले नसणार, पण एकासाठी दुसरे सोडावेच लागते असे मात्र नाही.

आता नाटकाकडे येऊ. मुंबईत राहणाऱ्या गोमंतकीयांनी १९१९ मध्ये ‘दि गोवा हिंदू असोसिएशन’ ही संस्था काढली. परगावी गेलेल्या माणसांनी एकमेकांना धरून राहावे, हा हेतू. आपले मंडळही अशाच हेतूने चालते, फक्त आपण परगावी गेलो नाही. आपण जिथल्या तिथे राहिलो आणि सीमा आपल्या दारावरून गेली. तर या संस्थेच्या कला विभागाने राज्य नाट्यस्पर्धेसाठी ‘संगीत संशयकल्लोळ’ बसवले. दिग्दर्शक गोपीनाथ सावकार. त्यात रेवतीच्या भूमिकेसाठी आशालताबाईंची निवड झाली.

रेवतीची भूमिका मिळणे म्हणजे काय, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले तेव्हा रेवती होते बालगंधर्व. स्त्रीची भूमिका पुरुषाने करायची, कारण भल्या घरच्या बाईने रंगमंचावर उभे राहायचे नाही असा रिवाज होता. संगीत नाटकाची मोठी परंपरा उभी केली ती अण्णासाहेब किर्लोस्करांनी, १८८० च्या ‘शाकुंतला’पासून. हे अण्णासाहेब बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. म्हणजे आजच्या हिशेबाने आपल्याच कर्नाटकातले. पण पन्नासेक वर्षे या परंपरेत बाईचे गाणे पुरुषच गात राहिला. पुढे हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका रंगमंचावर उभ्या राहिल्या. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे आल्या, त्याही गोव्याच्या बांदिवड्याच्या. या बायकांनी वाट पाडली म्हणून आशालताबाईंना रेवती होता आले. ज्या पदांवर बालगंधर्वांचा ठसा होता ती पदे एका नवख्या मुलीने स्पर्धेत उभे राहून म्हणायची, हे धाडसच होते.

त्यानंतर आला १ मे १९६४. त्या दिवशी वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधा’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. संस्था तीच, दि गोवा हिंदू असोसिएशन. दिग्दर्शक मास्टर दत्ताराम. पराशराच्या भूमिकेत रामदास कामत आणि सत्यवतीच्या, म्हणजे मत्स्यगंधेच्या भूमिकेत आशालता. संगीत दिले होते पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी. अभिषेकीबुवा मंगेशीचे, तेही मुंबई आकाशवाणीच्या कोकणी विभागात नोकरी केलेले. नाटकाला संगीत देण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

या नाटकाने काय बदलले ते थोडक्यात सांगतो. जुन्या संगीत नाटकात एकेक पद वीस-वीस मिनिटे चाले. ‘वन्समोअर’ मिळाला की पुन्हा तेच. नाटक रात्रभर चाले आणि कथा तिथेच थांबून राही. १९६० च्या सुमारास प्रेक्षकांना शेवटची लोकल गाठायची होती, आणि सिनेमाचे तीन मिनिटांचे गाणे कानात बसले होते. संगीत नाटक आता संपले, असे लोक बोलू लागले होते. अभिषेकीबुवांनी पदे आटोपशीर केली, चालीत भावगीताचा गोडवा आणला, पण रागदारीचा पाया सोडला नाही. पद आले की गोष्ट थांबायची ती आता पदातून पुढे सरकू लागली. त्यासाठी गळा तयार हवा आणि शिवाय अभिनयही हवा, कारण चार-पाच मिनिटांत पात्राच्या मनातले सगळे सांगून मोकळे व्हायचे. आशालताबाई ते करू शकत होत्या. त्या नाटकातली त्यांची पदे आजही नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी म्हणतेच.

संगीत नाटकातल्या नटीचे काम किती अवघड, याचा आम्हीही पूर्वी विचार केला नव्हता. आत्ता रडायचे, आत्ता भांडायचे, रंगमंचाच्या या टोकाहून त्या टोकाला जायचे, आणि श्वास जागेवर यायच्या आत ऑर्गनवर सूर मिळाला की त्याच सुरात पद उचलायचे. चुकले तर पुन्हा घेता येत नाही. समोर आठशे लोक बसलेले. रविवारी दोन प्रयोग असले तर दोनदा. ज्या बाईने हे वर्षानुवर्षे केले तिच्यासाठी पुढचे सिनेमाचे काम तसे हलकेच असावे, असे आम्हाला वाटले. पण तिथेच या गोष्टीतली खरी मेख आहे.

‘गुंतता हृदय हे’, ‘वाऱ्यावरची वरात’ अशी नाटके करत असतानाच बासू चटर्जींनी त्यांना हिंदीत आणले. १९८० चा ‘अपने पराये’, शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या कथेवरचा. एकत्र कुटुंबातली थोरली सून त्यांनी अशी उभी केली की त्यांना फिल्मफेअरच्या सहाय्यक अभिनेत्रीच्या पुरस्काराचे नामांकन मिळाले. मग कामाची रांगच लागली. ‘शौकीन’, ‘नमक हलाल’, ‘वो सात दिन’, ‘अंकुश’. मराठीत ‘नवरी मिळे नवऱ्याला’, ‘वहिनीची माया’. हिंदी-मराठी मिळून शंभराहून अधिक चित्रपट. १९८२ च्या डॉ. जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त स्मिता पाटील घराचा उंबरठा ओलांडून महिलाश्रमात नोकरीला जाते आणि मागे राहिलेल्या तिच्या लेकीला सांभाळते ती जाऊ, म्हणजे आशालता. सगळ्यांना आठवते ती उंबरठा ओलांडणारी. आत राहून मूल सांभाळणारी कोण होती, ते आठवायला वेळ लागतो.

आता हिशेब पाहा. सिनेमात गाणी भरपूर. पण सिनेमात पात्र ओठ हलवते आणि गाते दुसरेच कुणीतरी. पार्श्वगायनाची ही पद्धत १९३५ च्या सुमारास आली आणि तिने संगीताला फार मोठे कलावंत दिले. त्याबद्दल तक्रार नाही. पण तिचा एक परिणाम असाही झाला की जी नटी खरोखर गाऊ शकते तिच्या गळ्याला पडद्यावर काही काम उरले नाही. शिवाय आईच्या भूमिकेला गाणे कोण देतो? आई ताट वाढते, देवापुढे दिवा लावते, मुलाची वाट पाहते, डोळे पुसते. ज्या आवाजाने नाट्यगृहातली शेवटची रांग भारून टाकली होती तो आवाज पुढे चाळीस वर्षे "जेवून घे रे बाळा" म्हणण्यासाठी वापरला गेला. कुणी त्यांना गायला मनाई केली नव्हती. भूमिकेत गाणे नव्हते, इतकेच.

आणि त्या स्वतःला काय समजत होत्या? त्यांनी आठवणींचे पुस्तक लिहिले, त्याला नाव दिले ‘गर्द सभोवती’. हे शब्द ‘मत्स्यगंधा’तल्या त्यांच्या पदाचे. शंभर चित्रपट केले, पण पुस्तकावर नाव आले ते १९६४ च्या गाण्याचे. आम्हाला वाटते, यात सगळे आले.

आता मालिकांकडे. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढे १९९९ मध्ये अल्फा मराठी आले, त्याच्या पाठोपाठ ईटीव्ही मराठी, आणि रोजच्या मालिकांचे युग सुरू झाले. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका तर तीन हजारांवर भाग चालली. आपल्या गावावर या गोष्टीचे उपकार आहेत, हे मोकळेपणाने मान्य करावे लागेल. कचेरीत कन्नड, बाजारात हिंदी-दखनी, मुले इंग्रजी शाळेत. अशा घरात रोज संध्याकाळी दोन-तीन तास मराठी बोलले जात होते ते या पेटीतून. आमच्यातल्या एकीची नात कर्नाटकातच शिकली, मराठी शाळेत एक दिवस गेली नाही, पण तिचे मराठी आपल्यापेक्षा शुद्ध आहे. विचारले तर म्हणते, "आजीबरोबर मालिका पाहून आलं." मालिकांना नावे ठेवणे सोपे आहे. त्यातल्या सासवा-सुनांची कारस्थाने आम्हालाही पटत नाहीत. पण आपल्या घरात मराठी टिकवण्याचे थोडे काम त्यांनीही केले आहे.

पण रोज अर्धा तास दाखवायचा तर रोज तेवढे चित्रीकरण झालेच पाहिजे. जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटे. त्यासाठी बारा-बारा तासांची पाळी. संवाद हातात येतात ते कधी कधी त्याच दिवशी. तरुण पोरेसुद्धा दमतात. तिथे सत्तरीच्या पुढच्या कलावंतांनी उभे राहायचे, रंगभूषा करायची, तोच प्रसंग तीन बाजूंनी तीनदा करायचा. आपण घरी बसून म्हणतो, "आज काही विशेष झालंच नाही."

२०२० च्या मार्चमध्ये चित्रीकरणे थांबली. जूनच्या अखेरीस पुन्हा सुरू झाली आणि जुलैत नवे भाग दिसू लागले. महाराष्ट्र सरकारने परवानगी देताना एक अट घातली होती : ६५ वर्षांवरील कुणालाही चित्रीकरणाच्या जागी येऊ द्यायचे नाही. हेतू चांगला होता, म्हाताऱ्या माणसांचा जीव वाचावा. पण याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले ते सत्तरीचे एक कलावंतच. त्यांचे म्हणणे साधे होते : दुकानदाराला, इतर धंद्यातल्या माणसाला वयाची अशी बंदी नाही, मग आम्हालाच का? आमचे पोट कशावर चालते? ७ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. ज्येष्ठ कलावंत कामावर परतले. सप्टेंबरमध्ये आशालताबाई साताऱ्यात होत्या.

हे भाषण तयार करताना याच मुद्द्यावर आमच्यात वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, ७९ व्या वर्षी, अशा साथीत, त्यांना जाऊ द्यायलाच नको होते. आपल्याला रोज नवा भाग हवा असतो म्हणून ही वेळ येते. दोष बघणाऱ्यांचाही आहे. दुसऱ्या म्हणाल्या, जी बाई वयाच्या विशीपासून स्वतःच्या पायावर उभी आहे तिला "तुम्ही आता घरी बसा" म्हणणारे आपण कोण? आपल्या शेतातली ऐंशी वर्षांची आजी तुरीच्या शेंगा तोडायला जातेच ना? तिला घरी बसवले तर ती दोन महिन्यांत खचते. वाद मिटला नाही. आम्ही तो इथे तसाच ठेवतो आहोत, कारण दोन्ही बाजूंत खरेपणा आहे. एवढे मात्र एकमताने ठरले की यापुढे मालिका पाहताना पात्राच्या नावाबरोबर कलावंताचे नावही विचारायचे.

आता हा विषय इथे कमलनगरात कशाला, हे सांगतो. आशालताबाई घरी कोकणी बोलत, नाटक मराठीत करत, सिनेमा हिंदीत. तीन भाषांत वावरून त्यांनी एकीलाही परके केले नाही. आपलेही तेच आहे. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके आपल्याच बीदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला ते तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. पण सोयरिकी तुटल्या नाहीत. या सभागृहातल्या निम्म्या बायकांचे माहेर तिकडचे आणि निम्म्यांच्या लेकी तिकडे दिलेल्या. भाषेचे मोठे सोहळेही आपल्या आसपास होत आले आहेत. २०२२ च्या एप्रिलमध्ये ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या हाकेच्या अंतरावर उदगीरला झाले. इथून गाड्या भरून लोक गेले होते. त्याआधी २०१५ मध्ये ९५ वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन बेळगावला झाले, आणि त्याच्या अध्यक्ष होत्या फैयाज. सोलापूरच्या मुस्लिम घरातली मुलगी, ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातली झरीना. त्याही अभिनेत्री आणि गायिका. त्या नाटकाचे संगीतही अभिषेकीबुवांचेच. गोव्याची आशालता काय, सोलापूरची फैयाज काय, मराठी गाणे हे मुंबई-पुण्याच्या मालकीचे कधीच नव्हते. ते कडेकडेच्या गावांनीही सांभाळले आहे.

आणि आता शेवटची गोष्ट.

हे भाषण लिहिण्यासाठी आम्ही चौघी-पाचजणी एका घरी जमत होतो. एके दिवशी मोबाइलवर ‘मत्स्यगंधा’तले पद लावले. ज्यांच्या घरी बसलो होतो त्या काकू आत पोहे परतत होत्या. पदाची दुसरी ओळ यायच्या आधीच आतून ती ऐकू आली. चालीसकट, जागेवरच्या हरकतीसकट. आम्ही फोन बंद केला. आतले गाणे आणखी दोन ओळी चालले आणि थांबले. काकू सराटा हातात घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बंद का केलं ग?"

मग हळूहळू कळले. काकूंचे माहेर उदगीरचे. शाळेच्या गॅदरिंगला त्या नाट्यपदे म्हणायच्या. गुरुजी घरी येऊन वडिलांना सांगून गेले होते की पोरीला गाणे शिकवा. १९७६ मध्ये लग्न होऊन इकडे आल्या. सासरची माणसे चांगली, आजही त्या कुणाविषयी वाकडा शब्द बोलत नाहीत. आम्ही विचारले, "मग गाणं सोडलं का?" त्या म्हणाल्या, "सोडलं कुठं? कुणी इचारलंच नाही बाई."

त्या बोलल्या आणि आम्ही सगळ्या गप्प झालो. आपल्या मंडळाच्या प्रसादाच्या खोलीत किती वर्षे त्या शिरा करत आल्या आहेत. आरतीला मागच्या रांगेत टाळ वाजवतात. ताल कधी चुकत नाही, हे आम्हाला दिसत होते. का चुकत नाही, हा प्रश्न आम्हाला पडला नाही. आपण त्यांना आईची भूमिका दिली होती आणि त्या भूमिकेत गाणे लिहिले नव्हते.

अशा काकू एकट्याच नाहीत. आपल्या मंचावर दरवर्षी आठ-दहा मुली गातात. आपण टाळ्या वाजवतो, स्मरणिकेत फोटो छापतो. लग्न झाले की ती दुसऱ्या गावी जाते किंवा याच गावात दुसऱ्या घरी जाते, आणि पेटी माळ्यावर जाते. कुणी रागावत नाही, कुणी बंदी घालत नाही. बंदी घातली असती तर निदान भांडता तरी आले असते. विचारलेच नाही, तर बाईने भांडायचे कुणाशी?

म्हणून महिला शाखेची कार्यकारिणीला एक विनंती आहे. उत्सवाच्या दहा दिवसांतली एक संध्याकाळ पन्नाशीच्या पुढच्या बायकांच्या गाण्यासाठी ठेवावी. स्पर्धा नको, परीक्षक नकोत, बक्षीस नको. पेटी-तबल्याची साथ असावी आणि पेटी त्यांच्या पट्टीत लावावी, त्यांना पेटीच्या पट्टीत ओढू नये. वयाने आवाज खाली येतो, त्यात कमीपणा काही नाही. ओव्या, भुलईची गाणी, अभंग, भारूड, नाट्यपद, कुणाला कन्नड वचन म्हणायचे असेल तर तेही. शब्द विसरले तर वहीत बघून म्हणावे. रात्री दहाच्या आत कार्यक्रम संपवू, म्हणजे ध्वनिक्षेपकाचीही अडचण यायची नाही. त्या दिवसाचा प्रसाद पुरुष मंडळींनी करावा, कारण करणाऱ्या बायका त्या संध्याकाळी मंचावर असतील.

आणि घरी जाऊन प्रत्येकाने एक काम करावे. आज रात्री जेवताना आपल्या आईला, सासूला, आजीला, बायकोला विचारावे, "तू लहानपणी काय म्हणायचीस?" कदाचित ती हसून टाळेल. कदाचित म्हणेल, आता काय त्याचे. दुसऱ्यांदा विचारावे. आशालताबाईंनी निदान एक पुस्तक लिहून आपले गाणे नोंदवून ठेवले. आपल्या घरातल्या बायका पुस्तक लिहिणार नाहीत. त्यांचे गाणे त्यांच्याबरोबर जाईल, आणि मग आपण कुणाच्या तरी तोंडून ऐकू, "अगं, त्या गात होत्या?" ती लाज आम्ही एकदा अनुभवली आहे. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

काकू आज या सभागृहात आहेत. कोणत्या, ते सांगणार नाही. तशी त्यांची अट आहे. पण त्यांनी आमच्याकडे पदांची वही दिली आहे, आणि "माझी पट्टी काळी एक, जास्त वर लावू नका" असेही सांगितले आहे. म्हणजे त्या तयार आहेत. आता मंडळाने तयार व्हायचे आहे.



गणपती बाप्पा मोरया!